रूट कॉज, पण कुठलं रूट?

पत्र : ताई नमस्कार, मी धाराशिव जिल्ह्यातला, मराठी मीडियम, मग डिप्लोमा मेकॅनिकल, आता चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय २७. मागच्या महिन्यात कस्टमरला ८डी रिपोर्ट पाठवला. त्यात रूट कॉज लिहिताना बसच्या रूटचं स्पेलिंग टाकलं, ब्रेक डिस्कमध्ये मोडण्याचं ब्रेक टाकलं आणि होल लॉट रिजेक्ट केला हे लिहिताना भोकाचं होल लिहिलं. कस्टमरच्या माणसाने सगळ्यांना सीसीत ठेवून रिप्लाय दिला, "कोणत्या रूटने आलात?" आणि पुढे हसायचे इमोजी. तेव्हापासून फ्लोअरवर मला सगळे कंडक्टर म्हणतात. मी नेटवरून सारख्या उच्चाराच्या ५०० जोड्यांची पीडीएफ घेतली, रोज रात्री पाठ करतो, पण आता आधी जे येत होतं त्यातही गोंधळ व्हायला लागलाय. एक स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, १२ हजार सांगतोय. लावू का? की मराठी मीडियमवाल्यांचं हे असंच राहणार?
एक वाचक, चाकण

उत्तर :

पहिलं काम कर, ती पीडीएफ फोनमधून उडव. आत्ता, पुढचं वाचायच्या आधी. तू आळशीपणा करतोयस असं अजिबात नाही, उलट रोज रात्री बसून पाठ करतोयस आणि तेच तुला नडतंय. दोन सारखे शब्द शेजारीशेजारी ठेवून घोकले की ते डोक्यात एकमेकांना चिकटूनच बसतात, मग एकाला हाक मारली की दोघंही उठून उभे राहतात. भाषा शिकवण्याचा अभ्यास करणारे याला इंटरफिअरन्स म्हणतात, आणि सारखे ऐकू येणारे शब्द नवीन माणसाला एकाच वेळी शिकवू नका असं ते कधीपासून सांगतायत, पण जोड्यांची यादी छापायला सोपी, परीक्षेत विचारायला त्याहून सोपी, म्हणून पुस्तकांत, क्लासमध्ये, रील्सवर सगळीकडे तीच दिसते. आधी येत होतं त्यातही आता गोंधळ होतोय असं तू लिहिलंयस ना, ते निरीक्षण एकदम करेक्ट आहे, तुझ्या मेमरीला काही झालेलं नाही.

ज्यांचा कंपनीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, ८डी म्हणजे कस्टमरकडे माल खराब गेला की आठ पायऱ्यांत लिहून द्यायचा रिपोर्ट, ही पद्धत फोर्ड कंपनीने १९८७ च्या सुमाराला बसवली आणि आता ऑटो लाइनमध्ये सगळेच वापरतात. त्यातला डी-फोर म्हणजे रूट कॉज, खरं कारण. तर आपण तुझ्याच चुकीचा डी-फोर करू. आणि मराठी मीडियम हे कारण तिथे लिहू नकोस, कारण 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' असं लिहिलेला डी-फोर तुझाच मॅनेजर परत पाठवतो की नाही? हे तसलंच कारण आहे.

माझ्या मते तुझ्याकडे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि तू दोघांना एकच गोळी देतोयस. एक आहे ते शब्द जे खुद्द इंग्रज माणसाच्या तोंडीही सारखेच ऐकू येतात. रूट आणि रूट, ब्रेक आणि ब्रेक, होल आणि होल. यात तुझी जीभ, तुझा कान, तुझी शाळा कुणाचाच दोष नाही, लंडनमध्ये जन्मलेल्या पोराला पण ते नुसतं ऐकून कळत नाही, त्यालाही डोळ्यानेच शिकावं लागतं. आणि दुसरे ते शब्द जे इंग्रजीत चांगले वेगळे आहेत पण आपल्या मराठी कानाला सारखे लागतात. त्याची उदाहरणं तुझ्या पत्रात नाहीत पण तुझ्या फ्लोअरवर ढिगाने सापडतील, ती पुढे सांगते. पहिल्यावर औषध डोळ्याचं आणि हाताचं, दुसऱ्यावर कानाचं आणि तोंडाचं. तुझ्या पीडीएफमध्ये हे सगळं एकत्र कालवलेलं असणार, पैजेवर सांगते.

आधी पहिल्याचं बघू. हा सगळा घोळ झाला कसा हे माहीत असलं की राग जरा कमी येतो. एकेकाळी इंग्रजीत यातले बरेच शब्द खरंच वेगळे बोलले जायचे. रात्रीचा नाइट आणि सरदार नाइट घे, त्या सरदाराच्या पुढचा 'के' पूर्वी चक्क बोलायचे, क्नि असं काहीतरी, आणि मधला 'जीएच' पण घशातून खरखरीत काढायचे. लिहिण्याच्या राइटमधला 'डब्ल्यू' पण तसाच, फुकट बसलेला नव्हता. मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर जागा सोडून सरकायला लागले, त्याला ग्रेट व्हॉवल शिफ्ट म्हणतात. आणि नेमकं त्याच गडबडीत १४७६ ला विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. छपाई आली तशी स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, उच्चार मात्र चालतच राहिले. भेटण्याचं मीट आणि मटणाचं मीट यांची स्पेलिंगं वेगळी आहेत कारण तेव्हा त्यांचे उच्चार वेगळे होते, नंतर ते एकमेकांत मिसळले, आणि कागदावरचा फरक तेवढा आपल्या नशिबी राहिला.

तुझं ब्रेक तर यातलंच एक नमुनेदार प्रकरण. 'ई-ए' वाले बहुतेक शब्द, म्हणजे मीट, सीट, क्लीन, हे सरकत सरकत 'ई' पर्यंत पोचले. तीन शब्द मात्र मध्येच 'ए' वर थांबले, ग्रेट, स्टेक आणि मोडण्याचं ब्रेक. ते जर बाकीच्यांबरोबर पुढे गेलं असतं तर आज आपण त्याला ब्रीक म्हटलं असतं आणि गाडीच्या ब्रेकशी त्याची टक्कर झालीच नसती.

आणि होलचं तर ऐकच. अख्ख्या लॉटमधल्या होलच्या पुढे जो 'डब्ल्यू' आहे ना, तो मुळात नव्हताच. हा शब्द हील आणि हेल्थ यांच्या घरातला, म्हणजे धडधाकट, न मोडलेलं, आणि आधी तो 'एच' पासूनच लिहायचे. 'डब्ल्यू' पंधराव्या शतकात कुणीतरी चिकटवला, त्याचा उच्चार काही होत नाही तरी तो राहून गेला. म्हणजे तू कस्टमरला जे लिहिलंस ते अगदीच चूक नव्हतं रे, सहाशे वर्षं लेट होतं.

हे वाचून बरं वाटलं तरी उद्या सकाळी रिपोर्ट लिहायचाय, तेव्हा कामाचं बोलू.

पाचशे जोड्यांची तुला गरजच नाहीये. सरदाराचा नाइट तू आयुष्यात कुठल्या ८डीत लिहिणार आहेस? एका रविवारी तुझ्या मेलचं सेंट फोल्डर उघड, मागच्या वर्षभराचे रिपोर्ट, एनसीआर (माल नापास झाल्याची नोंद), कस्टमरला गेलेले मेल, आणि बघ की तुझ्या लिहिण्यात असे धोक्याचे शब्द किती येतात. वीस-पंचवीसच्या वर जाणार नाहीत. कोर्स थ्रेडमधलं, म्हणजे जाड आट्यांचं, कोर्स असेल, तुम्हा लोकांना एम-१० बोल्टला १.५ पिच म्हणजे कोर्स आणि १.२५ म्हणजे फाइन हे झोपेत विचारलं तरी येतं, पण ते लिहायचं 'ओ-ए' ने, अभ्यासाच्या कोर्ससारखं 'ओ-यू' ने नाही. वॉर्न आउट टूलमधलं वॉर्न असेल, ते 'ओ' वालं, 'ए' वालं म्हणजे ताकीद देणं. प्लेन वॉशर 'ए-आय' वालं. डाय कास्टिंगची डाय 'आय-ई' ने, आणि क्रॅक बघायला तुम्ही जी लाल डाय मारता पेनिट्रंट टेस्टला, ती 'वाय-ई' ने. ती डाय म्हणजे रंग. बॉम्बे डाइंगचं स्पेलिंग कधी नीट बघितलंयस का, १८७९ पासूनची कंपनी, 'वाय' च्या पुढे 'ई' ठेवलाय त्यांनी, तो नसता तर मुंबई मरतेय असा अर्थ झाला असता.

आता हे वीस-पंचवीस शब्द एका वेळी एकच घ्यायचा, आणि जोडीतला फक्त तुझ्या कामाचा. रूट घे. तुला लागतं मुळाचं रूट, आर ओ ओ टी. बसच्या रूटला आता बघूच नको, तो डिस्पॅचवाल्यांचा प्रॉब्लेम आहे. आणि नुसतं रूट लिहून घोटू नको, पूर्ण रूट कॉज ॲनालिसिस लिही, हाताने, पेनाने, रिपोर्टच्या रफ पानावर. कारण तुला रूट हा शब्द एकटा कधी लागतच नाही, तो नेहमी कॉजला धरून येतो, तसंच ब्रेक नेहमी डिस्क, पॅड, ड्रमबरोबर येतो, कोर्स थ्रेडबरोबर, लीड टाइमबरोबर. जोडी लावायचीच तर अशी लाव, शब्दाची त्याच्या रोजच्या सोबत्याशी, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या तोतयाशी नाही. एक रूट हाताला पक्कं बसलं, न थांबता उमटायला लागलं, की दुसरं बिनधास्त शिक, तोवर त्याला घुसायला जागाच उरलेली नसते.

दुसरं पुढे कधी लागलंच तर त्याचे नातेवाईक शोध, फार उपयोग होतो. बसच्या रूटचा सख्खा भाऊ आहे राउटर, तो वायफायचा डबा, डेटाला रस्ता दाखवतो म्हणून राउटर, त्यात 'ओ-यू' आहे तसाच रस्त्याच्या रूटमध्ये पण आहे. अमेरिकन माणसं तर त्या रूटलाच राउट म्हणतात बऱ्याचदा. मोडण्याच्या ब्रेकचं खानदान म्हणजे ब्रेकडाउन, ब्रेकफास्ट, ब्रोकन. मशीन ब्रेकडाउनचा रिपोर्ट तू रोज भरतोस, त्यात 'ई-ए' आहे, कारण मशीन मोडलंय. गाडीचा ब्रेक स्पेलिंगपुरता तरी या कुटुंबात धरू नको, तो वेगळा, 'ए-के-ई' वाला, कारण तो काही मोडत नाही, निदान मोडू नये. स्टेशनरीची जोडी मजेशीर आहे, कागद-पेनाची 'ई' वाली आणि एका जागी उभं असणारी 'ए' वाली, आणि दोन्ही एकाच बापाची मुलं. फेरीवाल्यांसारखा न फिरता एका ठिकाणी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर, जुन्या युनिव्हर्सिट्यांच्या आसपास पुस्तकं विकायचा, आणि त्याच्याकडे मिळते ती स्टेशनरी. एनव्हलपच्या 'ई' वरून लक्षात ठेवा असं शाळेत सांगतात ते पण चालतं, माझी ना नाही.

अजून एक ट्रिक आहे, जरा येड्यासारखी वाटेल पण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पोरं करत आलीयेत. स्पेलिंग जसं आहे तसं मराठीसारखं वाचायचं, मनातल्या मनात. वेडनेसडे म्हणूनच तर आपल्याला बुधवारचं स्पेलिंग येतं. तसं होल लॉट लिहिताना मनात व्होले म्हण, कोर्स थ्रेडला कोआर्से, मोडण्याच्या ब्रेकला ब्रेआक, क्नाइफ, क्नॉब. मोठ्याने म्हणू नको फक्त, आधीच कंडक्टर झालायस. पण वहीत शब्दापुढे देवनागरीत नीट उच्चार लिहायची सवय असेल तर ती या शब्दांपुरती बंद कर. आपली लिपी बरीचशी प्रामाणिक आहे, ऐकू येईल तसं लिहिते, त्यामुळे दोन्ही ब्रेकपुढे तू 'ब्रेक' लिहिणार आणि डोळ्याला वाटणार एकच शब्द आहे. या कामात ती तुला मदत करत नाही. (या पानावर मी सुद्धा 'डबल ओ वालं', 'ई-ए वालं' करत बसलेय ते उगाच नाही.)

स्पेलचेकवर विसंबू नको. त्याला चुकीचा शब्द कळतो, चुकीच्या जागी बसलेला बरोबर शब्द कळेलच असं नाही. हल्लीचे सॉफ्टवेअर वाक्य बघून कधीकधी निळी रेघ मारतात, पण भोकाचं होल क्वालिटीच्या रिपोर्टमध्ये त्यांना एकदम योग्य वाटणार, तुमच्या प्रत्येक ओळीत एक होल असतं. त्यापेक्षा तुमच्या लाइनीतला उपाय कर, पोका-योके, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय. फिक्स्चरला पिन लावता ना, पार्ट उलटा बसूच नये म्हणून, तसं वर्डमध्ये आणि आउटलुकमध्ये ऑटोकरेक्ट आहे, त्यात चुकीचं पूर्ण 'रूट कॉज' डावीकडे टाक आणि बरोबर उजवीकडे, पूर्ण दोन्ही शब्द टाकायचे, एकट्या शब्दावर टाकलंस तर डिस्पॅचचे मेल बिघडतील. ब्रेक डिस्कचं तसंच, होल लॉटचं तसंच. आणि ८डीचा जो फॉरमॅट आहे त्यात डी-फोरचं हेडिंग छापलेलंच ठेव, दर वेळी टाइप कशाला करायचं. हे करणं म्हणजे चीटिंग नाही. माणसाने लक्ष ठेवावं ही काय करेक्टिव्ह ॲक्शन झाली का, तूच सांग.

आता दुसरा आजार, आणि खरं सांगायचं तर मला याची जास्त काळजी आहे कारण यात चूक झालीये हे आपल्याला कळतच नाही. दोन पार्टमधली गॅप मोजायला पातळ पट्ट्यांचा जुडगा असतो त्याला तुम्ही काय म्हणता? फिलर गेज. रॅकवरच्या लेबलवर पण तेच असेल, इश्यू रजिस्टरमध्ये पण. ते आहे फीलर गेज, पट्टी सरकवून गॅप हाताला जाणवते म्हणून फील करणारं ते फीलर. फिलर म्हणजे भरणारा, वेल्डिंगला लागतो तो फिलर रॉड. इंग्रज माणसाला हे दोन शब्द एकदम वेगळे ऐकू येतात, आपल्याला नाही, कारण मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घ इ-उ चा फरक आपण फारसा करतच नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, हे कागदावर वेगळं, तोंडात एकच. शुद्धलेखनाला आपले मार्क जायचे ते यालाच ना. तोच कान घेऊन आपण इंग्रजीत जातो, मग मशीनिंगची चिप आणि स्वस्तातलं चीप एक होतं, रिजेक्ट माल टाकायची रेड बिन आणि खायची बीन एक होते, आणि ऑफिसमध्ये निम्मे लोक 'आय ॲम ऑन लिव्ह टुडे' लिहून सुट्टीवर जातात. लीव्ह लिहायचं असतं त्यांना, 'ई-ए' वालं. जिवंत आहेत हे कळतं तेवढंच.

यात फरक नुसता लांबीचा नाही हे लक्षात ठेव, चिप आखूड आणि चीप लांब एवढंच केलंस तर अर्धंच काम होईल. लांब ई ला ओठ हसल्यासारखे ताणले जातात आणि जीभ वर जाते, छोट्या इ ला सगळं सैल असतं आणि आवाज किंचित 'ए' कडे झुकतो. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं, तिथे फील आणि फिल आळीपाळीने ऐक. मग एखाद्या मित्राला सांग की तू डिक्शनरीतलं यातलं एक वाजव, कुठलं ते सांगू नकोस, मी ओळखतो. कानाला जमलं की तोंडाला जमतं, उलट क्रमाने फार कमी लोकांचं होतं. फोनचं व्हॉइस टायपिंग पण वापरून बघ, पण एकेकटा शब्द बोलून, कारण पूर्ण वाक्य बोललं की तो मागचंपुढचं बघून अंदाजाने बरोबर लिहितो आणि तुला वाटतं उच्चार जमला.

व्ही आणि डब्ल्यू हा तसलाच प्रकार, आपल्याकडे दोघांना मिळून एक व. डायमध्ये एअर व्हेंट असतो तो ब्लॉक झाला की कास्टिंगला पोरॉसिटी येते, म्हणजे आत बारीक पोकळ्या राहतात, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं जातं 'एअर वेंट ब्लॉक्ड', डब्ल्यूने, म्हणजे हवा गेली. व्ही ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला दातांचा संबंधच नाही, ओठ फुंकर मारल्यासारखे गोल. एवढंच आहे ते, आरशासमोर चार दिवस कर. आणि लूज. बोल्ट लूज आहे हे 'डबल ओ' ने आणि शेवटी स्वच्छ 'स', लूस. हरणं-हरवणं ते एका 'ओ' चं आणि शेवटी 'झ' सारखा आवाज. आपण दोघांना लूजच म्हणतो म्हणून लिहिताना जो आधी आठवेल तो टाकतो. ॲडव्हाइसचं पण असंच आहे, सल्ला 'सी' ने आणि सल्ला देणं 'एस' ने, उच्चारात पण स आणि झ चा फरक.

एका बाबतीत मात्र आपण बरे आहोत. पेन-पॅन, बेड-बॅड, मेन-मॅन यात मराठी माणूस सहसा अडकत नाही, कारण ॲ आणि ऑ आपल्या बोलण्यात मुरलेत आणि त्यांच्यासाठी लिपीत चंद्र पण घेतलाय आपण. तरी हायवेला हॉटेलच्या बोर्डवर इंग्रजीत स्नॅक्सच्या जागी साप विकायला ठेवलेले असतात, पण तो पेंटरचा प्रश्न आहे.

लिहायला एक आणि बोलायला दोन, असे पण थोडे आहेत, तुझ्या कामात त्यातला एकच बघून ठेव. लीड टाइममधलं लीड आणि शिसं म्हणजे लेड, स्पेलिंग एकच. आणि लीडचा भूतकाळ लेड, तो मात्र 'ए' शिवाय. एवढंच.

आता महत्त्वाचं, आणि हे कुठल्याच पीडीएफमध्ये नसतं. सगळ्या चुका सारख्या नाहीत. तुझ्या तीन चुका झाल्या त्यातली एकही अशी नव्हती की कस्टमरला भलताच अर्थ लागला, हसला म्हणजे त्याला बरोबर कळलं होतं. पण ॲक्सेप्ट आणि एक्सेप्ट बघ. 'वुई ॲक्सेप्ट धिस लॉट' लिहिताना 'ई-एक्स' ने सुरुवात केलीस तर लॉट घेतला का वगळला? क्वालिटीवाल्याने हा एक शब्द चुकणं म्हणजे डेबिट नोट, पैसे कापल्याचा कागद, येऊ शकते. लूज-लूजचं तसंच, पार्ट सैल होता की हरवला, दोन्हीची इन्क्वायरी वेगळी. टॅपिंग आणि टेपिंग, फायलिंग आणि फिलिंग, यात एक 'पी' किंवा एक 'एल' इकडेतिकडे झाला की ऑपरेशनच बदलतं. म्हणून यादीत वरती हे घे, ज्यांनी अर्थ उलटतो ते. हसू येणारे नंतर. इट्स, युअर, देअर हे तर अगदी शेवटी, त्यात इंग्लंड-अमेरिकेतले शिकलेले लोक रोज चुकतात आणि कुणी त्यांना कंडक्टर म्हणत नाही.

त्या रिप्लायचं म्हणशील तर सीसीत दहा लोक ठेवून स्पेलिंगवर हसणं हा उद्धटपणाच आहे, पण त्यावर तू मोठी माफीबिफी लिहू नकोस, लिहिली नसशीलच तर. दुरुस्त रिपोर्ट जोडला आहे, बस, एक ओळ. आणि एक विचार, त्याने तुझ्या स्पेलिंगवर बोट ठेवलं, ॲनालिसिसवर नाही. पाच वेळा व्हाय विचारून तू जे कारण काढलंस ते त्याला पटलेलं दिसतंय. फ्लोअरवरच्या पोरांचं काही करता येणार नाही, नवीन कुणाचं काहीतरी होईपर्यंत कंडक्टर राहशील.

आणि क्लास. या कामासाठी लावू नकोस. स्पोकनच्या क्लासमध्ये बोलायला शिकवतात, रूट आणि रूट बोलायला सारखंच आहे, १२ हजार देऊन पण सारखंच राहील. दुसऱ्या आजारावर थोडाफार उपयोग होईल पण तिथे एका बॅचमध्ये तीस जण असतील तर तुझा फीलर आणि फिलर ऐकायला कुणाला वेळ आहे? कस्टमर ऑडिटला समोर बसून बोलायची भीती वाटत असेल तर तो वेगळा विषय, तसं असेल तर सांग, त्यावर वेगळं लिहीन, आणि तेव्हा कदाचित मीच म्हणेन की लाव.

ता.क. फीलर गेजचं लेबल बदलायला जाशील तेव्हा आधी स्टोअरच्या सिस्टिममध्ये आयटम कुठल्या नावाने आहे ते बघ. तिथे फिलर असेल तर एकट्याने लेबल बदलू नको, पुढच्या वेळी इश्यू करायला कुणाला सापडणार नाही.